मारिबोरचा पित्तर

गोपाल, तो इन्व्हर्टरचा नाद सोड आता. बॅटरी मेली आहे त्याची. दिवाळीपासून सांगतोय, पण या घरात माझं ऐकतो कोण? लाइन यायची तेव्हा येईल. ये मनाली, इकडे ओट्यावर ये, भिंतीला टेकून बस. आणि तो मोबाईलचा उजेड बंद कर बाई, डोळ्यात जातो.

मघाशी जेवताना तू आजीला सांगत होतीस ते ऐकलं मी. युरोपात जाणार म्हणे. एकटीच, चार दिवस. तेही पॅरिस-बिरिस नाही, फारसं कोणी जात नाही अशा गावाला. शांतता पाहिजे म्हणे. पुण्यात शांतता नाही हे मान्य, पण त्यासाठी इतकं लांब? आमच्या मळ्यात ये, विहिरीवर बस, दिवसभर कोणी हूं की चूं करणार नाही.

हस, हस. जा, जरूर जा. मी अडवणारा कोण? फक्त तिथे दिवस मावळल्यावर कोणाला जेवायला बोलावू नकोस.

का ते सांगतो. तुझ्यासाठी पुस्तकातल्या मराठीत सांगतो, नाहीतर दर वाक्याला 'म्हणजे काय आजोबा' करशील. पण माणसं बोलतील ती आपल्या देऊळघाटचीच बोलतील, त्याला माझा इलाज नाही.

समोरचं ते निळ्या दाराचं घर पाहतेस ना, कुलूप लावलेलं? ते तुळशीरामचं. माझा मित्र. त्याचा मळा आणि माझं वावर बांधाला बांध लागून. तो वांगी, टोमॅटो, कोथिंबीर करायचा, मी सोयाबीन आणि तूर, आणि रोज एकमेकांच्या पिकाला नावं ठेवायची हा आमचा उद्योग. धिप्पाड माणूस. मिशी अशी की बुलढाण्याच्या बाजारात त्याला मिशीवाले म्हणूनच ओळखायचे. बायको सत्यभामाबाई, म्हणजे माझी वहिनी. एकुलता एक मुलगा हरिओम. इंजिनियर झाला आणि जर्मनीत नोकरीला गेला, म्युनिकला.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात, कोरोनाच्या त्या लाटेत, तुळशीराम गेला. चैत्र वद्य अष्टमी होती. हरिओम तिकडे अडकलेला. अग्नी पुतण्याने दिला आणि पोराने बापाची चिता मोबाईलवर पाहिली. मोबाईल मी धरला होता. पलीकडून रडण्याचा आवाजसुद्धा आला नाही, त्याचंच मला फार वाईट वाटलं.

आता आपल्याकडची रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माणूस ज्या तिथीला गेला, पितृपक्षातल्या त्या तिथीला त्याच्या नावाने कोणाला तरी जेवायला बोलावतात. भटजीच पाहिजे असं नाही. दुसऱ्या घरचा, त्याच्या वयाचा माणूस चालतो. तो त्या दिवसापुरता पित्तर. त्याला पाटावर बसवायचं, हातावर पाणी घालायचं, कपाळाला गंध लावायचं, कढी-वडे-खीर वाढायची आणि म्हणायचं, आमच्या बापाच्या नावानं जेवा. जेवण झालं की उंबऱ्याबाहेर पोचवून यायचं. आणि हे सगळं दिवसाउजेडी. दिवस मावळल्यावर पित्तर बसवत नाहीत. त्या वेळेला ताटावर कोण येऊन बसेल याचा भरवसा नाही, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची. आम्ही हसायचो.

तुळशीरामचा पित्तर म्हणून मीच बसायचो. वर्षश्राद्ध झाल्यावर, बावीस साली, मी पहिल्यांदा बसलो तेव्हा वहिनीने गच्चीवर कावळ्यासाठी घास ठेवला. कावळे आले, पाहिलं, उडून गेले. संध्याकाळपर्यंत घास तसाच. मी म्हटलं, गावात घरोघरी खीर आहे, त्यांची पोटं भरलीत. पण वहिनीच्या जिवाला ते लागलं.

'भाऊजी, त्यायले पोराच्या हातचा घास पायजे,' ती म्हणाली. 'तोवर ते उपाशीच राहतीन.'

वर्षभर तिने हेच मनात धरलं. पुढल्या वर्षीची अष्टमी सहा ऑक्टोबर दोन हजार तेवीसला आली. शुक्रवार होता. मी सकाळी पत्रावळी आणायला बुलढाण्याला गेलो होतो. परत येऊन पत्रावळी द्यायला गेलो, तर वहिनी ओट्यावर फोन घेऊन बसलेली. पलीकडे हरिओम.

'माय, मी रेल्वेत हाये.'

'काऊन? हापिस नाई का आज?'

'सुट्टी घेतली. फिरायले जाऊन राह्यलो. मारिबोर म्हनून गाव हाये, स्लोव्हेनियात.'

'कोनासंग?'

'एकटाच.'

मारिबोर. नावात बोर आहे म्हणून माझ्या लक्षात राहिलं. नदीकाठचं जुनं गाव. तिथे एका घराच्या भिंतीवर चारशे वर्षांहून जुना द्राक्षाचा वेल आहे आणि त्याला अजून द्राक्षं लागतात, असं त्याने मला नंतर सांगितलं. पण तो काही वेल पाहायला निघाला नव्हता. म्हणाला, काका, बाप गेल्यापासून मी एकदाही रडलो नाही. जिथे ओळखीचं कुत्रं भेटणार नाही अशा जागी जाऊन बसावं वाटलं. आणि दिवस कोणता निवडला, तर नेमकी बापाची अष्टमी. त्याच्याजवळ मे महिन्यातली तारीख होती. तिथी त्याला ठाऊकच नव्हती.

वहिनी त्याला रागावली नाही. एवढंच म्हणाली, 'आज तुह्या बापाची तिथ हाये हरी. तू तिथंच कोनाले तरी जेवू घाल. तुह्या हातानं. दिवस मावळायच्या आत. तवरोक मी पान्याचा घोट घेनार नाई.'

'माय, तिथं कोन येईन जेवायले?'

'भुकेलं मानूस कुठंबी भेटते. पाह्य तू.'

दुपारी मी पित्तर म्हणून जेवलो. गच्चीवर घास ठेवला. कावळा शिवला नाही. संध्याकाळ झाली, दिवे लागले, वहिनी तशीच उपाशी. शुगरची बाई ती. आमची शालू, म्हणजे तुझी आजी, तिच्यापाशी जाऊन बसली. मीही गेलो. हरिओमचा फोन लागेना.

झालं होतं असं. वाटेत रुळावर झाड पडलं आणि त्याची गाडी जंगलात तासन् तास उभी राहिली. तो मारिबोरला उतरला तेव्हा अंधार पडला होता. राहायची जागा म्हणजे नदीच्या वरच्या गल्लीतलं एक जुनं घर. जाड भिंती, दगडी जिना. मालक तिथे राहत नाही. दाराजवळ एक डबी असते, आकडे जुळवले की आतून किल्ली मिळते. त्याला मिळाला वरचा मजला. खालचे दोन्ही मजले बंद. जिन्यात बटण दाबलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. वीज वाचवायला तिकडे तशीच सोय असते.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने तांदूळ, दूध, साखर आणली. खीर केली, भात केला, बटाट्याची भाजी केली. आणि मग माणूस शोधायला खाली उतरला. गल्लीत दोन पोरं भेटली, ती हसून निघून गेली. एक बाई भेटली, तिने भराभर पावलं उचलली. त्यांचं तरी काय चुकलं? अंधारात कोणी परका माणूस घरी जेवायला चल म्हणाला तर आपण जाऊ का? तेवढ्यात वहिनीचा फोन लागला.

'हरी, मले चक्कर येऊन राह्यली. जेवलं का कोनी?'

पोराचा जीव कासावीस झाला. माय तिकडे उपाशी, आपल्याकडे रात्रीचे बारा वाजत आलेले. तो म्हणाला, 'भेटला मानूस माय. आता बसवतोच.' कोणी भेटलं नव्हतं. वरून खीर आणून निदान पुलावर एखादा भिकारी पाहावा, असं मनात धरून तो परत जिन्यावर चढला.

जिन्यातला दिवा लावला... आणि त्याला दिसलं, वरच्या वळणावर पायरीवर कोणीतरी बसलं आहे.

म्हातारा माणूस. अंगात काळा कोट, पायात मोठे बूट. मान खाली.

हरिओम घाबरला नाही, उलट त्याला बरं वाटलं. शेजारी असेल, किल्ली हरवली असेल. त्याने हाताने खूण केली. वर चला, जेवायला. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. हरिओमला काय वाटलं कोण जाणे, त्याने चक्क मराठीत म्हटलं, 'बाबा, या. माह्या बापाच्या नावानं दोन घास खा.'

दिवा विझला.

हरिओमने भिंत चाचपली. बटण सापडलं. दिवा लागला.

पायरी रिकामी होती.

म्हातारा वरच्या दारात उभा होता. हरिओमच्या दारात. त्याच्याकडे तोंड करून.

मनाली, तू विचारशील, तिथूनच पळाला का नाही? मीही विचारलं त्याला. म्हणाला, काका, मायचा आवाज कानात होता. त्यापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याने दार उघडलं. म्हातारा आत गेला आणि टेबलाजवळच्या खुर्चीवर बसला, जणू त्याची रोजची जागा. हरिओमने त्याच्या हातावर पाणी घातलं. पाणी हातावरून घरंगळलं. हात ओला झालाच नाही... असं त्याला वाटलं. कुंकू नव्हतं, म्हणून गंध लावलं नाही. ताट वाढलं. आणि खिडकीचे पडदे ओढून, घरातले सगळे दिवे लावून त्याने मायला व्हिडिओ कॉल केला.

इकडे फोन वहिनीच्या हातात. एका बाजूला शालू, एका बाजूला मी.

'दिवस हाये ना रे तिकडं?' वहिनीने पहिलं हेच विचारलं. उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊ-दहापर्यंत उजेड असतो, हे तिला त्याच्याच फोनवरून ठाऊक होतं.

हरिओमने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, 'हाव माय. उजेड हाये अजून.'

एवढंच खोटं बोलला तो. मायच्या तोंडात घास जावा म्हणून बोलला.

'दाखव बरं पित्तर.'

त्याने फोन फिरवला. मी पाहिला तो माणूस. गाल आत गेलेले, मिशी-दाढी काही नाही, ओठ सुकलेले, रंग मेणासारखा. त्याने मान वर केली. डोळे फोनवर. फोन धरणाऱ्या हरिओमवर नव्हे... फोनवर. आमच्यावर. पापणी लवत नव्हती.

शालूने माझा दंड घट्ट धरला.

वहिनीने पदर डोक्यावर घेतला. हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवऱ्याला पोराच्या हातचा घास मिळत होता. एवढ्यासाठी तिने वर्ष काढलं होतं.

'पोटभर जेवा,' ती म्हणाली. 'लाजू नोका. हे घर तुमचंच हाये. येत जा. मी वाट पाहीन.'

त्या माणसाला मराठी कुठून येणार? पण त्याने हळूच... मान डोलावली.

फोन बंद झाला. वहिनी पाणी प्यायली, खीर खाल्ली, आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. आम्ही घरी आलो.  दार लावल्यावर शालू म्हणाली, 'अवो, तो मानूस मले बरा नाई वाटला.' मी तिलाच वेड्यात काढलं.

तिकडे म्हातारा जेवत होता. चमच्याचा आवाज नाही. चावण्याचा आवाज नाही. पण ताट रिकामं होत होतं. खीर संपली, त्याने वाटी पुढे केली. हरिओमने वाढली. पुन्हा वाटी पुढे. पातेलं खरवडून वाढलं. पुन्हा वाटी पुढे...

'संपली बाबा,' हरिओम म्हणाला.

वाटी तशीच पुढे.

हरिओमने जाऊन दार सताड उघडलं. जिन्यात अंधार. तो दाराशी उभा राहून म्हणाला, 'बाबा, जेवन झालं. आता सुखानं जा.'

म्हातारा उठला नाही. त्याने वाटी खाली ठेवली. टेबलावर हरिओमचा मोबाईल चार्जरला लावून पडलेला होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्या काळ्या काचेवर आपला तळहात ठेवला. हळू. जसा कोणाच्या डोक्यावर ठेवावा.

आणि तो हसला.

हरिओम उघड्या दारातून पळाला. बॅग नाही, फोन नाही, अंगावर स्वेटर नाही. पाहुण्याला उंबऱ्याबाहेर काढायचं, तर हाच उंबऱ्याबाहेर पडला आणि पाहुणा राहिला आत. रात्र त्याने रेल्वे स्टेशनच्या बाकावर काढली. चांगलं ऊन वर आल्यावर परत गेला.

दार तसंच उघडं. खोलीत कोणी नाही. ताट रिकामं. फोन जिथल्या तिथे. त्याने उचलला तर तापलेला.

कॉल चालू होता.

व्हिडिओ कॉल. रात्रभर चालू होता. स्क्रीनवर आपलं हे समोरचं घर. मधली खोली. वहिनी खाटेवर कुशीवर पडलेली, आपल्याकडे तेव्हा दुपार, ती डुलकी घेत होती. फोन तिच्या उशाशी. म्हणजे कोणीतरी रात्रभर... तिला झोपलेलं पाहत होतं.

वहिनीला नंतर विचारलं, तर म्हणाली, रात्री हरीचा फोन आला, मी उचलला, कोणी बोललं नाही, मला झोप लागली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. हरिओम त्याच दिवशी म्युनिकला परतला आणि त्याने हे कोणाला सांगितलं नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. एक दिवस शालू वहिनीकडून आली ती चुलीपाशीच बसून राहिली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, 'सत्यभामाबाई दोन ताटं वाढून राह्यल्या.'

'कोनासाठी?'

'म्हनतात, हे येतात. दिवा लावला की येऊन बसतात. बोलत नाईत काई.' शालूचा आवाज खाली गेला. 'मले इचारत होत्या, मिशी काऊन काढली असंन हो त्यायनं?'

 तुळशीराम मिशीशिवाय? तो चितेवर गेला तोही मिशीसकट.

मी दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गेलो. मित्राची बायको, एकटी बाई, जाणं भाग होतं. वहिनीने ओटीवर दिवा लावला होता. आत दोन खुर्च्या. मी एकीवर बसायला गेलो.

'तिथं नोका बसू भाऊजी,' ती हळूच म्हणाली.

मी भिंतीपाशी उभा राहिलो. वहिनीने ताट वाढलं, समोर ठेवलं. बाहेर रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, कुणाचा तरी टीव्ही लागलेला होता. आणि त्या खोलीत... गारठा. बाहेरच्या थंडीचा नाही. विहिरीत खाली उतरल्यावर लागतो तसा.

प्लॅस्टिकची खुर्ची करकरली. कोणी बसल्यावर करकरते, तशी.

मी खोटं सांगणार नाही, मी निघून आलो.  घरी येऊन हरिओमला फोन लावला आणि तेव्हा त्या पोराने सगळं ओकून टाकलं. शेवटी म्हणाला, 'काका, मी खोटं बोललो तिले. अंधार पडला होता. तिले सांगू नोका. तिले वाटते बाबा येतात. ती मरून जाईन.'

मग उपाय काय? बुलढाण्याहून जाणता माणूस आणला, पूजा केली, काही फरक पडला नाही. बापाच्या तिथीला झालेली चूक बापाच्या तिथीलाच दुरुस्त करावी असं मला वाटत होतं. हरिओमने पुढल्या पितृपक्षासाठी सुट्टी काढली. तोवर वहिनी सुकत चालली. ती म्हणायची, मी बरी आहे, हे सोबतीला असतात.

पंचवीस सप्टेंबर दोन हजार चोवीस. अष्टमी. भर दुपारी, लख्ख उन्हात, हरिओमने माझे पाय धुतले, गंध लावलं, स्वतःच्या हाताने वाढलं. म्हणाला, 'बाबा, जेवा.' गच्चीवर घास ठेवला.

हात मागे घेतला नाही तोच कावळा बसला. एक घास, दुसरा घास. वड्याचा तुकडा चोचीत धरून उडाला.

हरिओम तिथेच खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. मीही रडलो. माझा तुळशीराम जेवला होता. शालूने देवाला हात जोडले. आम्हाला वाटलं, सुटलो.

वहिनी मात्र उभीच होती. ती कावळा गेला त्या बाजूला पाहत होती. मग तिने आमच्याकडे पाहिलं.

'हे आज जेवले,' ती म्हणाली. 'मंग संध्याकाळी कोन येते?'



हरिओमने तिचे पाय धरले आणि खरं काय ते सांगितलं. ती रागावली नाही, किंचाळली नाही. भिंतीचा आधार घेऊन बसली. म्हणाली, 'मीच म्हटलं होतं त्याले, घर तुमचं हाये म्हनून. मी वाट पाहीन म्हनून.' मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बाईला मी इतकी वर्षं ओळखत होतो, पण तिच्या डोळ्यांत अशी भीती मी कधी पाहिली नव्हती.

'भाऊजी, मले ह्यायच्याकडं जायचं हाये. मेल्यावर. मले त्याच्यासंग जाऊ देऊ नोका.'

मी शब्द दिला.

त्या संध्याकाळी दिवा ओटीवर लावला नाही. एकच ताट, तेही वहिनीचं. दार आतून लावलं, कडी घातली, खिडक्या लावल्या. वहिनीला खाटेवर झोपवलं. एका बाजूला हरिओम बसला, एका बाजूला मी. दोघांनी तिचे हात धरले.

काही झालं नाही. दारावर थाप नाही. हाक नाही.

मध्यरात्रीनंतर लाइन गेली. आजच्यासारखीच. मी टॉर्च लावला. वहिनीचे डोळे उघडे. ती दाराकडे पाहत नव्हती. खाटेच्या पायथ्याशी पाहत होती.

'वहिनी?'



'माय... माय, काय पाहून राह्यली?'

माझ्या हातातला तिचा हात गार पडत चालला. मी घट्ट धरला. मग मला जाणवलं, तो हात ओढला जात होता. जोराने नाही. हळू. एखाद्याला चला म्हणताना ओढतात, तसा.

मी सोडला नाही. हरिओमने सोडला नाही. तिने एकदाच मान हलवली. नाही म्हणून. पुन्हा हलवली. नाही...

मग ओढ थांबली.

दिवस उगवायच्या आधी ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. शुगर होती, वर्षभर अन्न नीट जात नव्हतं, सगळं मान्य. दुपारी तुळशीरामला जिथे अग्नी दिला होता तिथेच तिलाही नेलं. हरिओमने अग्नी दिला, या वेळी स्वतःच्या हाताने. मी चितेपुढे उभा राहून तुळशीरामला मनात सांगितलं, गड्या, वहिनी निघाली आहे, पुढे येऊन घेऊन जा.

आपल्याकडे अजून एक करतात. जीव जिथे गेला तिथे त्या रात्री जमिनीवर पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर टोपलं झाकतात. गेलेला जीव कोणत्या रूपाने गेला, ते सकाळी पिठात उमटतं म्हणतात. कुठे चिमणीची नखं दिसतात, कुठे गाईचा खूर, पुष्कळदा काहीच नसतं. मी आयुष्यात ते कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या रात्री मात्र शालूने पीठ चाळलं, मी माझ्या हाताने पसरलं, सारखं केलं, टोपलं झाकलं आणि खोलीला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली माझ्या बनियनच्या खिशात. हरिओम आणि मी ओट्यावर बसून राहिलो. मला एवढंच पाहायचं होतं की ती एकटी गेली. चिमणी होऊन जावो, मुंगी होऊन जावो, पण एकटी.

उजाडल्यावर कुलूप काढलं. टोपलं हरिओमने उचललं.

पिठात वहिनीचं पाऊल होतं. उजवं. अनवाणी, लहानसं, दाराकडे तोंड केलेलं. टाच मागे फरफटत गेलेली.

आणि तिच्या पुढे, दाराच्या बाजूला, एका मोठ्या बुटाचा ठसा.